जिनिव्हाच्या वहीतला वऱ्हाडी कापूस

संयुक्त राष्ट्रसंघ, जागतिक व्यापार संघटना, अन्न व कृषी संघटना ही नावे निघाली की बडनेऱ्याच्या जिनिंगपासून अमरावतीच्या महाविद्यालयांपर्यंत दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले मत असे की या संघटना बिनकामाच्या आहेत. ठराव करतात, चहा पितात आणि उठतात. युक्रेन थांबले का? गाझा थांबले का? दुसरे मत असे की या संघटनांनीच आपल्याला बुडवले. कापसाला भाव नाही तो डंकेल प्रस्तावापासून, म्हणजे व्यापार संघटनेच्या मूळ मसुद्यापासून. गंमत म्हणजे एकच माणूस एकाच बैठकीत दोन्ही मते मांडतो. जिला माशी मारता येत नाही तिनेच आपला शेतकरी मारला, यातली विसंगती त्याला खुपत नाही.

दोन्ही मतांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. आंतरराष्ट्रीय संघटना म्हणजे जगाचे सरकार, अशी आपली समजूत. मग सरकारसारखे वागत नाही म्हणून ती नालायक, किंवा सरकारसारखी वागते म्हणून ती जुलमी. माझे म्हणणे वेगळे आहे. या संघटना मुळात दफ्तरे आहेत. तिथे नोंदी होतात, हिशेब मागितले जातात, एका देशाने लिहिलेल्या आकड्यावर दुसरा देश बोट ठेवतो. सातबारा शेत नांगरून देत नाही, पण सातबाऱ्यावर नाव नसले तर कोर्टात उभे राहता येत नाही. या दफ्तरांची ताकद तेवढीच आहे आणि ती कमी नाही. अशा दफ्तराची गरज बलवानापेक्षा दुबळ्याला जास्त असते. आणि त्याचा फायदा ज्याने आपली नोंद नीट ठेवली त्याला होतो. वऱ्हाडच्या कापसाचा गेल्या दीडशे वर्षांचा अनुभव याहून वेगळे काही सांगत नाही.

१. दफ्तर नव्हते तेव्हा

संघटना नसत्या तर आपण सुखी असतो, असे मानणाऱ्यांनी आधी १८६० चे दशक पाहावे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर पडली. भाव आभाळाला भिडले. भुसावळहून नागपूरकडे रूळ सरकू लागले ते मुख्यतः याच कापसासाठी. बडनेरा या मार्गावरचे ठाणे झाले आणि पुढे अमरावतीच्या फाट्याचे जंक्शन. पण गाडी १८६७ मध्ये नागपूरला पोचली तेव्हा युद्ध संपून दोन वर्षे झाली होती आणि तेजी ओसरली होती. रूळ राहिले, भाव गेला.

त्यानंतर १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी जलंब-खामगाव हा फाटा उघडला. खामगावच्या बाजारात लिव्हरपूलचा भाव तारेने येऊ लागला, पण तो व्यापाऱ्याच्या हाती. ज्वारीच्या रानात कापूस शिरत गेला आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनी वऱ्हाडला त्याची किंमत दाखवली. जागतिक बाजार तर होता. त्या बाजाराला जाब विचारण्याची जागा कुठेच नव्हती.

त्या काळी आंतरराष्ट्रीय संघटना अजिबात नव्हत्या असेही नाही. तारयंत्रासाठी १८६५ मध्ये एक झाली, टपालासाठी १८७४ मध्ये दुसरी. टपालवाल्या संघात हिंदुस्थान १८७६ मध्ये सामीलही झाला. व्यापाऱ्याची तार आणि हुंडी वेळेवर पोचावी याची सोय जगाने सर्वांत आधी केली. शेतकऱ्यासाठी पहिली संस्था निघायला १९०५ साल उजाडावे लागले. डेव्हिड लुबिन या कॅलिफोर्नियाच्या व्यापाऱ्याने इटलीच्या राजाला गळ घालून रोममध्ये आंतरराष्ट्रीय कृषी संस्था काढवली. त्याचा मुद्दा साधा होता: जगात पीक किती आले हे सटोडियाला आधी कळते, शेतकऱ्याला शेवटी, तेव्हा पिकांचे आकडे सगळ्यांना एकाच वेळी मिळाले पाहिजेत. दुसऱ्या महायुद्धानंतर या संस्थेची जागा अन्न व कृषी संघटनेने घेतली. आकड्यांसाठी संस्था काढणे आज आपल्याला किरकोळ वाटते. खामगावच्या त्या तारेजवळ जो उभा नव्हता, त्याला ते किरकोळ वाटले नसते.

२. मोर्शीची टोळधाड आणि रोमचे पत्रक

मे २०२० च्या अखेरच्या आठवड्यात, टाळेबंदी चालू असताना, मध्य प्रदेशातून टोळधाड मोर्शी-वरूडच्या संत्राबागांवर उतरली. लोकांनी ताटे बडवली, ट्रॅक्टरचे सायलेन्सर काढून आवाज केला. टोळ रात्री झाडांवर बसतात आणि ऊन चढले की उठतात, म्हणून कृषी खात्याची माणसे पहाटेच्या अंधारात अग्निशामक बंब घेऊन फवारणीला गेली. एक चौरस किलोमीटरची धाड दिवसाला पस्तीस हजार माणसांचे अन्न खाते, असे अन्न व कृषी संघटनेचे गणित आहे. जुन्या माणसांनी ऐकीव गोष्टी सांगितल्या. तरण्या पोरांनी पहिल्यांदाच पाहिले.

ही धाड जन्मली कुठे? २०१८ च्या मेमध्ये मेकुनु आणि ऑक्टोबरमध्ये लुबान ही दोन चक्रीवादळे अरबी वाळवंटाच्या रिकाम्या मुलखात पाऊस पाडून गेली. ओल्या वाळूत टोळांच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढल्या आणि त्या कोणाच्या दृष्टीस पडल्या नाहीत. पुढे येमेनमध्ये युद्ध चालू असल्याने पाहणी करणारी माणसे फिरूच शकली नाहीत. तिथून इराण, पाकिस्तान, राजस्थान असे करत धाड सातपुड्याच्या अलीकडे आली. वाळवंटात दोन वर्षांपूर्वी जी नोंद झाली नाही, तिची भरपाई मोर्शीच्या बागेने केली.

आता याची दुसरी बाजू. भारत, पाकिस्तान, इराण आणि अफगाणिस्तान या चार देशांचा टोळनियंत्रण आयोग अन्न व कृषी संघटनेच्या छत्राखाली १९६४ पासून आहे. या काळात १९६५ आणि १९७१ ची युद्धे झाली, कारगिल झाले, पुलवामा-बालाकोट झाले. तरी मुनाबाव-खोखरापार सीमेवर दोन्हीकडच्या टोळ-अधिकाऱ्यांच्या बैठका होत आल्या, आणि २०२० मध्ये संगणकाच्या पडद्यावर चारही देश दर आठवड्याला भेटत होते. भारताने इराणला २५ टन मॅलाथिऑन हे कीटकनाशक पाठवले. त्यात परोपकार कमी आणि हिशेब जास्त होता, कारण इराणात मेलेला टोळ जोधपूरला येत नाही. अन्न व कृषी संघटनेच्या रोमहून निघणाऱ्या पत्रकात कुठे पिल्ले आहेत, वारा कोणीकडे आहे, पुढची धाड कधी उठेल हे छापून येते, आणि आपले खाते ते वाचून तयारी करते.

याउलट दक्षिण आशियाई देशांची सार्क पाहा. ध्वज, शिखर परिषदा, भाषणे, सगळे होते. शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला झाली, त्यानंतर नाही. ज्या संघटनेकडे रोजचे काम आणि रोजची नोंद होती ती शत्रूंमध्येही टिकली. जिच्याकडे फक्त मैत्रीची घोषणा होती ती मैत्री आटताच आडवी झाली. सहकार्य प्रेमातून निघते या समजुतीला एवढे उदाहरण पुरे व्हावे.

३. ब्राझीलने केलेला गृहपाठ

टोळांबाबत सगळ्यांचे हित एकच होते, म्हणून ते सोपे, असे कोणी म्हणेल. जिथे एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा, तिथे दफ्तर काय कामाचे? तर कापूसच घेऊ.

अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना प्रचंड अनुदान देते आणि त्यामुळे जगात भाव पडतात, ही तक्रार आपल्याकडे प्रत्येक कापूस परिषदेत होते. ब्राझीलने ती २००२ मध्ये जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेत लेखी केली. नुसती केली नाही. डॅनियल समनर या कॅलिफोर्नियातल्याच अर्थशास्त्रज्ञाला गाठून, अनुदान नसते तर जागतिक भाव किती असता, याचे गणित मांडून घेतले. १९९९ ते २००२ या काळात अमेरिकेने सुमारे साडेबारा अब्ज डॉलर ओतले, ही मांडणी अमेरिकेच्याच कागदांवरून केली. २००४ मध्ये निवाडा ब्राझीलच्या बाजूने लागला, मार्च २००५ मध्ये अपिलातही टिकला. अमेरिकेने एक अनुदान २००६ मध्ये बंद केले, बाकीच्यांवर टाळाटाळ केली. मग २००९ मध्ये ब्राझीलला प्रत्युत्तराची परवानगी मिळाली, तीही अमेरिकी पेटंटांना हात लावण्याच्या मुभेसह. तेव्हा कुठे वॉशिंग्टन वाटाघाटीला बसले. २०१० पासून वर्षाला १४.७३ कोटी डॉलर ब्राझीलच्या कापूस संस्थेला देण्याचे ठरले आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटले.

बारा वर्षे लागली. न्याय पूर्ण झाला असेही नाही. पण महासत्तेने दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्यांसाठी रोख पैसे मोजले, असे उदाहरण दफ्तराबाहेर मला सापडलेले नाही. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब आफ्रिकी देशांनी २००३ मध्ये नैतिक आवाहन केले होते. त्यांच्या बाजूला सत्य ब्राझीलइतकेच होते, खटला मात्र नव्हता. त्यांना आश्वासने मिळाली.

भारत या खटल्यात तिऱ्हाईत पक्ष म्हणून नोंदलेला होता. त्या वर्षांत आपण कापसाचे मोठे निर्यातदार नव्हतो, उलट आयात करत होतो, म्हणून आपली फिर्याद ब्राझीलसारखी झाली नसती हे मान्य. पण मग दुसरे दार उघडे होते. कच्च्या कापसावर शंभर टक्क्यांपर्यंत आयात शुल्क लावण्याची मुभा भारताला व्यापार संघटनेच्याच करारात आहे. दिल्लीने तेव्हा लावले होते दहाच्या घरात. १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्या काळात गावोगाव डंकेलला शिव्या चालू होत्या. शंभर आणि दहा यांच्यामधली नव्वद टक्के जागा जिनिव्हाने रोखलेली नव्हती.

४. १९८६-८८ ची किंमत आणि आजचा हमीभाव

इथे सगळ्यात अवघड मुद्दा येतो आणि तो सावकाश समजून घ्यावा लागतो, कारण आपले उद्याचे भांडण तिथे आहे.

सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कपास निगमच्या, खरेदी केंद्रावर गाडी लागली की ग्रेडर कापसाच्या ढिगात ओलाव्याचे मीटर खुपसतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे टक्क्यागणिक कपात, बारावर गेले की गाडी परत. शेतकऱ्याचे लक्ष त्या काट्यावर. त्याच क्विंटलची एक नोंद पुढे जिनिव्हालाही जाते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

हमीभावातला आधार मोजण्याचे व्यापार संघटनेचे सूत्र असे आहे. यंदाच्या हमीभावातून एक ठरलेली संदर्भ किंमत वजा करायची, उरलेला फरक पात्र उत्पादनाने गुणायचा. येणारी रक्कम त्या पिकाच्या एकूण मूल्याच्या दहा टक्क्यांवर गेली की भारताने मर्यादा मोडली. ऐकायला रास्त. पण ती संदर्भ किंमत १९८६ ते १९८८ या वर्षांची, गोठवलेली. डॉलर तेव्हा साधारण तेरा रुपयांना होता. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आहे; तो अशा किमतीशी मापायचा जी ठरली तेव्हा आजच्या शेतकऱ्याचा बाप तरणा होता. म्हणून भारत आपला हिशेब डॉलरमध्ये देतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने संघटनेत प्रतिनोंद दाखल केली: हिशेब रुपयांत करा, आणि पात्र उत्पादन म्हणजे सीसीआयने घेतलेला कापूस धरू नका, देशातला सगळा कापूस धरा. तसे केले तर मर्यादा कितीतरी पटींनी मोडलेली दिसते.

हे इतके एकतर्फी कसे झाले? त्याचे उत्तर शरद जोशींनी महाराष्ट्राला शिकवलेल्या एका शब्दात आहे: उणे सबसिडी. डंकेल प्रस्तावाला डाव्यांपासून उजव्यांपर्यंत विरोध होत असताना जोशींनी त्याचे समर्थन केले. त्यांचा युक्तिवाद होता की भारत सरकार शेतकऱ्याला अनुदान देत नाही, त्याच्याकडून उलट वसूल करते, आणि हे सरकारच्याच आकड्यांतून सिद्ध होते. ते खरे होते. आपण दिलेल्या हिशेबात आधार उणे निघाला. पण कराराची गंमत अशी की जो तेव्हा जास्त देत होता त्यालाच पुढे जास्त देण्याचा हक्क मिळाला, फक्त थोडी कपात करून. अमेरिकेकडे वर्षाला १९.१ अब्ज डॉलरची मुभा उरली आणि ती हवी तर एका पिकावरही ओतता येते. भारताच्या खात्यात शून्य, वर दहा टक्क्यांची किरकोळ सवलत. ज्या लुटीचा पुरावा म्हणून जोशी तो कागद फडकवत होते, त्याच कागदाने पुढच्या पिढीच्या हमीभावाला टाचणी लावली. जोशी चुकले असे मी म्हणणार नाही; बाजार खुला झाल्यावर सरकार हात आखडता घेईल आणि शेतकऱ्याला भाव मिळेल, ही त्यांची अपेक्षा होती. सरकारने निर्यातबंदीचा हात कधी आखडला नाही, हा दोष जिनिव्हाचा नव्हे.

डिसेंबर २०१३ मध्ये बालीत भारताने भांडून 'शांतता कलम' मिळवले. धान्यसाठ्याबाबत मर्यादा ओलांडली तरी खटला भरायचा नाही, असे ते. भाताला त्याचा उपयोग झाला. पण ते परंपरागत अन्नधान्यापुरते आहे, कापसाला लागू नाही. २०२४-२५ मध्ये सीसीआयने सुमारे शंभर लाख गाठी घेतल्या. खरेदी वाढावी ही आपली मागणी आहे आणि ती योग्यच आहे. मात्र जितकी खरेदी वाढेल तितके पात्र उत्पादन वाढेल, आपल्याच व्याख्येप्रमाणे.

आक्षेप

पहिला आक्षेप: बलवान देश दफ्तरच जाळतात, मग नोंदीला काय अर्थ? खरे आहे, अमेरिकेने नेमणुका अडवून व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पाडले. पण त्या बंद दाराचा फायदा आपणही घेतला आहे. साखरेच्या अनुदानावरून ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भरलेला खटला डिसेंबर २०२१ मध्ये भारताविरुद्ध गेला. त्यावर आपण अपील केले, नसलेल्या मंडळाकडे. प्रकरण लटकले. कोल्हापूर-नगरच्या कारखानदारांना हायसे वाटले असेल. वऱ्हाडने मात्र त्यात खूश होऊ नये, कारण उद्या आपण फिर्यादी झालो तर समोरचाही हेच करील.

दुसरा आक्षेप: संघटना कशाला, देशादेशांत समोरासमोर सौदा करावा. तो सौदा कसा असतो ते ऑगस्ट २०२५ मध्ये दिसले. अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के शुल्क लादले, कापड उद्योग अडचणीत आला आणि दिल्लीने १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमके आपला कापूस बाजारात येण्याच्या हंगामात. संत्र्याचेही तेच. बांगलादेशने २०१९ मध्ये किलोमागे २० टका असलेले शुल्क वाढवत ८८ वर नेले आणि वरूडचा संत्रा अडला. तक्रार न्यायची कुठे? व्यापार संघटनेत बांगलादेशची शेतमालावरची कमाल मर्यादाच दोनशे टक्क्यांच्या घरात, आणि सार्कचे वर सांगितलेच. शेवटी राज्य सरकारने निम्मे शुल्क स्वतःच्या तिजोरीतून भरण्याचे जाहीर केले. बांगलादेशचा कर महाराष्ट्राच्या करदात्याने भरायचा, असा हा समोरासमोरचा सौदा!

तिसरा आक्षेप युद्धांचा. सुरक्षा परिषदेत पाच देशांना नकाराधिकार आहे आणि तो विचारपूर्वक ठेवलेला आहे; पाचांपैकी कोणी स्वतः युद्धात असेल तर ती परिषद ते थांबवू शकणार नाही, हे १९४५ मध्येच ठरले होते. यावर रागवावे जरूर. पण त्या एका खोलीवरून बाकीच्या इमारतीचा निकाल लावू नये. देवीचा रोग १९८० मध्ये जगातून गेल्याचे जाहीर झाले आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला, ते त्याच इमारतीतल्या दुसऱ्या खोल्यांचे काम.

आपली बाजू कोणी लिहायची

वऱ्हाडला हे सगळे परके असण्याचे कारण नाही. पापळच्या पंजाबराव देशमुखांनी देशाचे कृषिमंत्री असताना १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले आणि आयझेनहॉवर तिथे आले. त्यांच्या नावाचे विद्यापीठ अकोल्यात आहे, मध्यवर्ती कापूस संशोधन संस्था नागपुरात, नांदगाव पेठेला पीएम मित्र वस्त्रोद्यान उभे राहत आहे. कापसाची आंतरराष्ट्रीय सल्लागार समिती डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईत भरली होती. एकरी खर्च किती, वेचणीची मजुरी किती, कोरडवाहूत उतारा किती, हे आकडे जिनिव्हातल्या वकिलाला लागतात आणि ते इथल्याच शिवारात आहेत. संदर्भ किंमत बदलून घ्यायची असेल किंवा कापसालाही शांतता कलम मागायचे असेल, तर या आकड्यांवाचून गत्यंतर नाही.

भारत आपल्या पिकांच्या आधाराची जी नोंद व्यापार संघटनेला देतो ती सार्वजनिक असते. तिच्यात कापसाची एक ओळ असते. ती इंग्रजीत असते, मराठीत कोणी आणत नाही. आयात शुल्कावर इथे मोर्चे निघतात, निघालेच पाहिजेत. पण त्या एका ओळीवर अमरावती किंवा अकोला जिल्ह्यातल्या कुठल्या बाजार समितीच्या सभेत चर्चा झाल्याचे अजून माझ्या वाचनात आलेले नाही.